मळ्यात फुटी खुडताना

आधी हिरामावशींचं नाव लिहिते. बाकीचं लिहायला घेतलं की मला राग येतो, आणि रागाच्या भरात आभार राहून जातात.

हिरामावशी आमच्या नात्यातल्या नाहीत. नाशिकला मखमलाबादच्या पुढे त्यांचा द्राक्षांचा छोटा मळा आहे आणि मळ्याच्या कडेला पत्र्याच्या खोल्या. त्यातल्या एका खोलीत मी, माझा नवरा गजानन आणि आमची मुलगी तनू भाड्यानं राहतो. गाव आमचं वाशीम जिल्ह्यात. सकाळची एसटी धरली तर अंधार पडता पोचतो, एवढं लांब. या मावशींनी मला उचललं, दवाखान्यात नेलं, भरवलं, आणि नंतर एकदा मळ्यात सगळ्या बायांसमोर माझा उद्धार केला. या सगळ्यात शेवटच्या गोष्टीचे उपकार जास्त आहेत.

मी आठवीत शाळा सोडली. हे लिहायला मला हॉस्पिटलातल्या व्यायामवाल्या ताईंनी लावलं. त्या म्हणाल्या, "नवीन पेशंट येतात, घाबरतात, आमचं ऐकून त्यांचं समाधान होत नाही. तुम्ही लिहा, मी त्यांना वाचायला देईन."

मी म्हणाले, "ताई, मला चांगलं चांगलं लिहिता येणार नाही."

त्या म्हणाल्या, "मग वाईट लिहा."

तर घ्या.

हातोडी

मी द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये कामाला आहे. घडातले बारके, फुटके, डाग पडलेले मणी बारीक कात्रीनं काढायचे आणि घड पेटीत बसवायचा. दिवसभर उभं राहायचं, त्यात आतली थंडी. त्यामुळे पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या तेव्हा मला वाटलं, थंडीनं असेल. मग हातातून कात्री पडली. उचलली, परत पडली. सुपरवायझर लांबून ओरडला, "ए वाशीम, झोप झाली नाही का?" सगळे हसले. मी पण हसले. आता आठवलं की दात खावेसे वाटतात.

घराजवळच्या डॉक्टरांनी माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. "टेन्शन घेता का? जेवत नाही वाटतं वेळेवर." एक लाल इंजेक्शन, एक सलाईन, ताकदीच्या गोळ्या. बाईमाणूस आलं की अशक्तपणा. यांच्याकडे दुसरा शब्दच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी संडासात बसले ती मला उठताच येईना. गजानन कंपनीत गेलेला, तनू अंगणवाडीत. मी आवाज देत राहिले. मावशींनी दाराला खांदा लावला, कडी तुटली. मी रडत म्हणाले, "मावशी, बघू नका."

"लाज मागून काढ," त्या म्हणाल्या, "आधी गळ्यात हात टाक."

हात टाकता येईना. त्यांनी मला काखेत धरून ओढलं, शेजारच्या पिकअपमध्ये रिकाम्या क्रेटांच्या मधे बसवलं आणि मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथं एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली. पाय हलला नाही. परत मारली. मग दुसऱ्या पायाला. मग हातोडी खिशात ठेवली, आणि आतापर्यंत माझ्याशी बोलत होते ते एकदम मावशींकडे वळून बोलायला लागले. "पेशंटला ताबडतोब आत घ्यावं लागेल."

माझं आजारपण मी त्या क्षणापासून धरते. तोपर्यंत लोक माझ्याशी बोलायचे. त्यानंतर माझ्याबद्दल बोलायला लागले.

आजाराचं नाव जीबीएस, नसांचा आजार. डॉक्टर म्हणाले, बरा होतो, पण वेळ लागतो. गजाननने विचारलं, किती? ते म्हणाले, सांगता येत नाही.

आत

आयसीयूचं फार लिहीत नाही. तुम्ही तिथं असाल तर तुम्हाला माहीत आहे. नसाल तर देव करो आणि माहीत न होवो.

तिथं मला एका दमात आकडे म्हणायला लावायचे. छातीत किती जोर उरलाय ते त्यावरून कळतं. रोज मी कालच्यापेक्षा अलीकडेच थांबायचे. नर्सबाई "छान" म्हणायच्या आणि कागदावर लिहायच्या. मला ओरडायचं होतं की यात छान काय आहे? ओरडायला दम नव्हता. श्वासाचं मशीन लावायची वेळ आली होती, पण ते लागलं नाही. सलाईनमधून जे औषध सोडलं त्यानं आजार थांबला. थांबला म्हणजे होता तिथं थांबला. मी पण तिथंच थांबले, मानेखाली सगळं लाकूड.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. हात हलत नसले तरी नाक खाजतं. कान खाजतो. डोक्यात तर असं खाजतं की जीव नको होतो. भेटायला येणारे विचारायचे, "कसं वाटतंय?" काय सांगू? मावशी आल्या आणि उभ्या राहूनच म्हणाल्या, "कुठं खाजतंय?" आणि मी सांगेन तिथं खाजवत बसल्या. त्या दिवशी मी पहिल्यांदा झोपले.

गिळता यायला लागल्यावर त्या बसनं नागलीची पेज घेऊन यायच्या. चमचा तोंडात घालताना मधेच म्हणायच्या, "दात लाव की नीट, गाय हायेस का?"

बाकी सगळे हळू बोलायचे. टीव्हीवर या आजाराचं नाव यायचं, म्हणून कुणाकुणाला वाटायचं की माझ्याजवळ आलं तर त्यांनाही होईल. आमच्या खोल्यांतल्या एका बाईनं आमच्या हंड्यातलं पाणी घेणं बंद केलं. हा आजार असा लागत नाही. ही ओळ ठळक करा असं मी व्यायामवाल्या ताईंना सांगितलंय.

तनूला सासूबाई गावी घेऊन गेल्या. पर्यायच नव्हता. लेकरू दारातून मागं बघत होतं, आणि मला हात हलवून टाटासुद्धा करता आला नाही.

पळस

मग मला जनरल वॉर्डात आणलं. तिथं एक मॅडम यायच्या, गंगापूर रोडकडच्या, सेवा करायला. पेशंटला केळी द्यायच्या आणि चार शब्द सांगायच्या. स्वभावानं चांगल्या होत्या. एक दिवस खिडकीपाशी उभ्या राहून म्हणाल्या, "बाहेर पळस बघा कसा पेटलाय. अंगावर एक पान नाही, तरी फुलला. निसर्गाकडून शिकायचं असतं, हो ना?"

मला माझ्या कुशीवर वळवायला तेव्हा दोन बाया लागत होत्या.

मी म्हणाले, "मॅडम, पळसाला कुणी डायपर लावतं का?"

पलीकडच्या कॉटवरच्या आजी इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. नर्सबाई माझ्यावर डोळे वटारून गेल्या. मॅडमचा चेहरा उतरला. त्यांना किती वाईट वाटलं असेल, या काळजीनं मी नंतर जेवले नाही. पण राग खरा होता. आजही आहे. झाड आपलं आपलं फुलतं, त्याला फुलायचंच असतं. ते कुणाला शिकवायला फुलत नाही. आणि ज्याला कूस वळता येत नाही त्याला खिडकी दाखवणं म्हणजे उपाशी माणसाला हॉटेलची पाटी वाचून दाखवणं.

त्या वसंताचा मी दुस्वास केला. घरी आले तेव्हा वाटेत कडुनिंब फुललेला, त्याचा वास रिक्षात शिरला. आंब्याला कैऱ्या. सगळीकडे ती तांबूस, चकचकीत पानं. गजानन म्हणाला, "पाह्य, किती मस्त वाटते." मी म्हणाले, "पडदा सोड."

घरी

आता पायात थोडं बळ आलं होतं. वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चालत होते. हात मात्र कामाचे नव्हते. ताईंनी एक रबरी चेंडू दिला होता, तो दाबायचा. दाबायचे कसले? तो हातातून घरंगळायचा आणि कॉटखाली जायचा. गजानन वाकून काढून द्यायचा. परत जायचा. परत द्यायचा.

गजानन एका शब्दानं बोलला नाही, हे मला लिहायचंय. माझं न्हाणं, माझं जेवण, वेणी, सगळं करून शिफ्टला जायचा. तोंड बंद. एकदा मी मुद्दाम ताट कोपरानं ढकललं, वरण त्याच्या कंपनीच्या शर्टावर सांडलं. तो गप्प उठला आणि दुसरा शर्ट घातला. तेव्हा मला वाटलं, आपण संपलो. ज्याच्यावर रागावतात ते माणूस असतं. मी तर वस्तू झाले होते, पुसून ठेवायची.

रोज संध्याकाळी गावाहून तनूचा फोन यायचा. एक दिवस तिनं विचारलं, "आई, तुझे हात आले का?" जसे काही ते एसटीनं येणार होते.

त्यात सासूबाईंचं सुरू झालं. मी त्यांना आत्याबाई म्हणते. "गजू, हिले इकडं आनून टाक. तू किती दिवस बायकोचं धुशीन? आन् तनूचं नाव मी इथल्याच शाळंत टाकतो." फोन स्पीकरवर होता. मी तिथंच होते. शाळा जूनमध्ये भरते. तोवर हात आले नाहीत तर तनू तिकडं, आणि मीसुद्धा तिकडं, ओसरीच्या कोपऱ्यात. एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. एकदा नेलेला माणूस परत नाशिकला कोण आणतो?

खोडावरच्या फुटी

द्राक्षं उतरली की गुढीपाडव्याच्या पुढेमागे वेलाची छाटणी करतात. पार खरडून टाकतात, एक हिरवं पान ठेवत नाहीत. मळा जळाल्यासारखा दिसतो. नवीन माणसाला वाटतं, मेला. मग थोड्या दिवसांनी वेलाचे डोळे फुटतात, आणि इतके फुटतात की नको तेवढे. मग जादा फुटी, म्हणजे हे कोवळे कोंब, हातानं खुडायच्या. त्यासाठी पेठ तालुक्यातल्या बायांची टोळी येते.

मावशी एक दिवस प्लास्टिकची खुर्ची घेऊन दारात आल्या. "ऊठ. बसून खातीस तर खा, निदान हात तरी हालव."

"मावशी, चेंडू धरता येत नाही मला."

"मी चेंडू कुठं दिला तुला?"

त्यांनी मला वॉकरसकट पहिल्या ओळीत नेलं आणि एका वेलापुढं खुर्ची मांडली. वेलाच्या खोडाला खालपासून वरपर्यंत बारीक फुटी आल्या होत्या. तांबूस, मऊ, लव असलेल्या. "या समद्या काढायच्या. एक ठेवायची नाय. यात चुकायला काय जागाच नाय. अंगठ्यानं ढकल."

ढकलली. सरकली. परत ढकलली. टच् आवाज झाला आणि फूट मातीत पडली.

माझ्या बोटांना तेव्हा कापड कळत नव्हतं, ताट गरम का गार ते कळत नव्हतं. पण त्या तुटल्या जागचं ओलं बोटाला लागलं. गार लागलं.

आता लोकांना वाटेल की मी तिथं हिरवाईत रमले. नाही. मी रागानं मोडत होते. हाच ना तुमचा वसंत? साऱ्या जगाला नवीन पानं येतात, माझं एक बोट वाकत नाही. घे. टच्. सुपरवायझर हसतो. टच्. टेन्शन घेता का? टच्. पळस बघा. टच्, टच्. वसंत बघून ज्यांना बरं वाटतं त्यांना वाटो, मला तो मोडून बरं वाटलं. आणि त्याच्याइतकं मऊ, त्याच्याइतकं माझ्या बोटांच्या लायकीचं दुसरं काही जगात नव्हतं. चेंडू मला हरवायचा. फूट हरायची.

दुपारपर्यंत माझे चारच वेल झाले असतील. बायांची ओळ कधीच पुढं गेली होती. जाताना त्यातली एक म्हणाली, "ताई, आम्हाला बी ठेव थोडं काम." मी कितीतरी दिवसांनी हसले.

उद्धार

मग मी रोज जायला लागले. मग खुर्ची सोडून उभी राहायला लागले, एका हातानं मांडवाची तार धरून. वरच्या फुटी खुडायचं काम वेगळं. तिथं काही ठेवायच्या आणि काही काढायच्या. मावशींनी सांगितलं होतं, एकसारख्या ठेव. मी कान दिला, लक्ष दिलं नाही. मला वाटलं, त्यात काय? मी पॅकहाऊसवाली. आमच्याकडे मोठा मणी ठेवायचा, बारका काढायचा. तोच हिशोब मी वेलाला लावला. जाडजूड, फोफावलेली फूट दिसली की ठेवली, मधल्या बेताच्या सगळ्या खुडल्या. भराभर. मला वाटलं, आज मावशी खूश होतील. अख्खी ओळ संपवली.

मावशी आल्या. ओळीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. मग त्यांचा आवाज फुटला.

"अगं माझे आई! हे काय करून ठेवलंस? ही माजलेली फूट ठेवलीस आन् कामाची खुडलीस? हिच्यावर घड येतोय व्हय? ही नुसती अंगानं वाढती! डोळं घरी ठिवून आलतीस का? समदी ओळ नासली माझी!"

बाया काम टाकून बघायला लागल्या. मी म्हणाले, "मोठी ठेवायची नाही, हे सांगितलं का तुम्ही?"

"एकसारखी ठेव म्हणले ना! वऱ्हाडात एकसारखी म्हंजे काय असतं?"

"वऱ्हाडाचं नाव काढू नका!"

"काढीन! तुझ्या त्या पॅकिंगवाल्याचं बी काढीन!"

"मग कशाला आणलं मला? चालता येत नाही, धरता येत नाही, कशाला आणलं? तुला माहीत नव्हतं?" रागात मी त्यांना तू म्हणाले.

"आजारी हायेस म्हून ओळ नासवशील काय? आजारी पायानं हायेस, डोक्यानं हायेस व्हय?"

आम्ही अशा भांडलो की शेजारच्या मळ्यातला माणूस बांधावर आला. मला धाप लागली, घाम फुटला, कानशिलं गरम झाली. आणि मधेच मला कळलं की किती तरी महिन्यांनी माझ्यावर कुणीतरी ओरडतंय. हळू नाही, गोड नाही. जसं धडधाकट बाईवर ओरडतात तसं. माझ्या चुकीनं कुणाचं तरी खरं नुकसान झालंय, म्हणजे मी खरी आहे.

खाली बघितलं तर माझ्या हातात खुडलेल्या फुटी होत्या. चुरगळलेल्या, बोटांमधून रस निघालेला. मूठ मिटलेली होती. पूर्ण.

मी ती मूठ कुणाला दाखवली नाही. तशीच धरून खोलीवर आले, आणि दार लावून रडले.

संध्याकाळी मावशी चहा घेऊन आल्या. मी म्हणाले, "मावशी, ओळीचं काय होईल?"

"मरत नाय वेल. फुटंल परत, मागं पडंल जरा," त्या म्हणाल्या. "उद्या दुसरी ओळ. आन् उद्या चुकलीस तर याच्याहून ओरडीन."

चहा

मे महिन्याच्या शेवटाला आत्याबाईंचा परत फोन, परत स्पीकरवर, या खेपेला मलाच. "शाळंत नाव टाकाले चाललो मी. तुह्यानं सोताचा चहा होईना, लेकराचं कोन करीन?"

मी गजाननच्या हातातून फोन घेतला. माझ्या हातानं घेतला. "आत्याबाई, नाव टाकू नका. मी येते तिला न्यायला."

गजानन म्हणाला, "एवढ्या लांब? एसटीत? पडशीन कुठं."

मावशी दारातच होत्या. "पडंल तर उठंल. तू जा संगं, पिशवी धर."

तो प्रवास मला परत करायला सांगू नका. गावी पोचलो तेव्हा आत्याबाईंनी आम्हाला जेवायला वाढलं. सकाळी त्यांनी गॅस पेटवला, पातेलं, पाणी, साखर, चहापत्ती, दूध माझ्या पुढ्यात ठेवलं, आणि दाराच्या उंबऱ्याशी बसल्या. जाऊ, चुलतसासू, शेजारीण, सगळ्या बघत होत्या. मला इतका राग आला की सांगता येत नाही. चहा करून दाखवला तर लेकरू मिळणार? मी तिला नऊ महिने काय चहात ठेवलं होतं?

पण केला. पातेलं पदरानं दोन्ही हातांत धरलं. गाळताना अर्धा बशीत सांडला. कप नेताना हात थरथरला, पण कप पडला नाही. आत्याबाईंनी चहा पूर्ण प्यायला. "साखर लय झाली," म्हणाल्या आणि आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात तनूच्या कपड्यांची पिशवी होती. डोळे लाल होते. त्यांनाही लेकराचा लळा लागला होता, आणि लेकाची काळजी होती. हे मला आज कळतं. तेव्हा नाही कळलं, आणि तेव्हाचा राग मी आजच्या समजुतीनं पुसणार नाही.

तनूनं माझा हात धरला, उलटसुलट करून बघितला, आणि म्हणाली, "आले!"

आता

आता तनू नाशिकच्या शाळेत जाते. मी पॅकहाऊसमध्ये परत लागले आहे, आधी पेट्या चिकटवायच्या कामावर, आता कात्रीवर. पहिल्यासारखा हात नाही. थंडीत बोटं अडतात. बसून पायाला मुंग्या आल्या तरी माझी छाती धडधडते, मी उठून चालून बघते, रात्री गजाननला उठवून विचारते, माझा चेहरा वाकडा दिसतो का? तो आता वैतागतो. म्हणतो, "झोप ना वं बाई." ते ऐकून मला झोप लागते.

तुम्ही जे आता कॉटवर आहात, त्यांना एवढंच सांगते. राग येत असेल तर येऊ द्या. आजारपणात शहाणं व्हायलाच पाहिजे असं काही नाही. आणि जे त्यांच्याजवळ बसलेले आहात, त्यांनी कधी तरी त्यांच्यावर ओरडा. सारखं हळू बोलू नका.

आता मावशींसाठी. हे त्यांना तनू वाचून दाखवेल, अजून अक्षरं जुळवत वाचते पण वाचते.

मावशी, तुमचे दोन्ही गुडघे गेलेत. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय, तुम्ही टाळता. तुमचा मुलगा पुण्याला, सुनेची नोकरी, म्हणून म्हणता, दवाखान्यात माझ्याजवळ कोण बसंल? मी बसेन. तुमचं अंग पुसेन, भांडं देईन, तोंड फिरवणार नाही. तुम्ही कण्हाल तर कण्हू देईन, आणि चालायला टाळाटाळ केलीत तर साऱ्या वॉर्डासमोर तुमचा उद्धार करेन. तारीख तुम्ही काढा, रजा मी काढते.